अंथरुणावरून दिसलेले जेरुसलेम



येत्या ३१ जुलैला ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करील. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या संघाने जगभर उभारलेल्या शाळा-कॉलेजांतून आपल्या धर्मग्रामातीलही काही जण शिकले आहेत. परंतु आज आम्ही त्यांच्या आयुष्यातील अशा काही महिन्यांविषयी लिहिणार आहोत, ज्या काळात त्यांनी काहीही स्थापन केले नव्हते. पाय मोडून ते घरी अंथरुणावर पडले होते आणि पडल्या पडल्या दूरदेशी जाण्याचा बेत करीत होते.

हा विषय निवडण्याचे कारण आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना परमप्रसाद द्यायला आम्ही घरोघर जातो. पूर्वी बहुतेक घरांत वृद्ध माणसेच आमची वाट पाहत असत. आता तरुणही भेटतात. कोणी मोटरसायकलवरून पडलेला असतो, कोणी लोकलच्या गर्दीत जखमी झालेला असतो, कोणाच्या कमरेचे ऑपरेशन झालेले असते. यांच्यापैकी पुष्कळांच्या उशाशी औषधांच्या शेजारी पासपोर्ट असतो. माणूस पडून असला की त्याला वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की तो आपल्या आयुष्याचा हिशेब मांडू लागतो. मग पुष्कळदा त्या हिशेबाचे उत्तर येते, ‘आता इथे राहायचे नाही.’

अशाच एका तरुणाशी झालेले बोलणे आम्ही येथे देत आहोत. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याच्या नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. ऑपरेशन करून आत रॉड घातला होता. चार महिने झाले तरी कुबड्या सुटल्या नव्हत्या आणि मधल्या काळात नोकरीही गेली होती. त्याने कॅनडाला जाण्याची सगळी माहिती मोबाइलवर जमवली होती. आम्ही प्रार्थना संपवली तसे त्याने विचारले, “फादर, पुढच्या फेब्रुवारीत मला तिसावे लागेल. तिकडे वयाचे गुण तिशीनंतर कमी होतात. पाय बरा व्हायची वाट बघत बसलो तर सगळेच हातचे जाईल. घराच्या मागची वाडी विकून पैसे उभे करू का?”

त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, “फादर, तुम्ही तरी समजवा त्याला. चार महिने मी त्याला धरून न्हाणीघरापर्यंत नेते आहे, आणि हा म्हणतो मी चाललो.”

बाहेरच्या खोलीतून वडिलांचा आवाज आला, “जाऊ दे त्याला. इथे काय ठेवलेय? त्या रस्त्याने पोराचा पाय घेतला.”

तिघांचेही बोलणे खरे होते. तिघांच्याही बोलण्यात दुःख होते. तो तरुण आम्हाला म्हणाला, “फादर, जाऊ की नको, एवढेच सांगा.”

आम्ही त्याला ‘जा’ म्हटले नाही आणि ‘जाऊ नको’ असेही म्हटले नाही. धर्मगुरूने दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपल्या हाती घेऊ नये. आम्ही त्याला इग्नेशियसची गोष्ट सांगितली. तीच आज आपणा सर्वांना सांगत आहोत.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, लोयोला येथील एका सरदार घराण्यात झाला. तारुण्यात त्यांना तलवारीचा, मानमरातबाचा आणि चांगल्या कपड्यांचा मोठा शौक होता. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील किल्ला फ्रेंच सैन्याविरुद्ध लढवीत असताना तोफेचा गोळा त्यांच्या पायांवर आला. उजव्या पायाचे हाड मोडले आणि डाव्या पायालाही जखम झाली. तेव्हा त्यांचे वय सुमारे तीस वर्षांचे होते. म्हणजे आम्ही भेटलो त्या तरुणाचेच.

शत्रूच्या वैद्यांनीच त्यांच्यावर प्रथम उपचार केले आणि मग त्यांना पालखीसारख्या डोलीतून घरी पाठवण्यात आले. घरी आल्यावर वैद्यांना दिसले की हाड नीट बसलेले नाही. ते पुन्हा मोडून बसवावे लागले. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. त्यांची प्रकृती इतकी खालावली की त्यांना अखेरचे संस्कार देण्यात आले. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या सुमारास त्यांना उतार पडू लागला. पण हाडाचा एक तुकडा गुडघ्याखाली पुढे आला आणि पाय आखूड राहिला. घट्ट बूट घालून मिरवायला हा पाय बरा दिसणार नाही, म्हणून त्यांनी स्वतः सांगून तो तुकडा करवतीने कापून घेतला. पुढे कित्येक दिवस पाय लांब व्हावा म्हणून ते ताण सोसत पडून राहिले. इतके करूनही ते जन्मभर लंगडतच चालले.

या दिवसांत वेळ घालवण्यासाठी त्यांनी शूरवीरांच्या प्रेमकथांची पुस्तके मागितली. घरात तसले पुस्तक नव्हते. मिळाले ते प्रभू येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा. तीच ते वाचू लागले. मध्येच पुस्तक बाजूला ठेवून ते दिवास्वप्नांत रमत. एका स्वप्नात ते एका थोर घराण्यातील स्त्रीची सेवा करायला दूरच्या राज्यात जात, पराक्रम गाजवत. हे स्वप्न एकदा सुरू झाले की चार चार तास संपत नसे. दुसऱ्या स्वप्नात ते अनवाणी पायांनी जेरुसलेमला जात आणि संत फ्रान्सिस व संत डॉमिनिक यांच्याप्रमाणे प्रभूसाठी कष्ट सोसत.

दोन्ही स्वप्ने दूरदेशी जाण्याचीच होती, आणि दोन्ही चालू असताना गोड वाटत. मग त्यांच्यातील फरक कसा ओळखायचा? इग्नेशियस यांच्या लक्षात हळूहळू एक गोष्ट आली. पहिले स्वप्न संपले की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसरे स्वप्न संपल्यावरही मनात शांती आणि आनंद टिकून राही. कोणता विचार मनात येतो याबरोबरच तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, हेही ते पाहू लागले. पुढे त्यांनी ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक लिहिले आणि १५४८ साली परमगुरू पॉल तिसरे यांनी त्याला मान्यता दिली. त्या पुस्तकातील आत्मिक पारख करण्याच्या नियमांचे मूळ या आजारपणात आहे. एका मोडक्या पायाने ख्रिस्तसभेला ही शिकवण दिली.

प्रिय बंधुभगिनींनो, अंथरुणावर पडलेला माणूस जो बेत करतो तो खोटाच असतो असे नाही आणि खराच असतो असेही नाही. त्याची पारख करावी लागते. ही पारख करताना आपल्या मराठी भाषेतील दोन छोटे शब्द उपयोगी पडतात : ‘पासून’ आणि ‘कडे’. मी कशापासून दूर जातो आहे? आणि मी कशाकडे जातो आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजाऱ्याला पाठ असते : दुखण्यापासून, खड्ड्यांपासून, गर्दीपासून, शेजाऱ्यांच्या कीव करणाऱ्या नजरेपासून, गेलेल्या नोकरीच्या अपमानापासून. दुसऱ्या प्रश्नाशी तो अडखळतो. ‘तिकडे सगळे चांगले असते’ हे ‘कडे’चे उत्तर नव्हे. तिकडे मी कोणते काम करणार, कोणासाठी करणार, तिथल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फावरून हा पाय मला कसा नेणार, रविवारी मिस्साला कुठे जाणार, हे ज्याने शांतपणे पाहिले आहे त्याच्याजवळ ‘कडे’ आहे.

‘पासून’ हे कारण नेहमी चुकीचेच असते असे मात्र आम्ही म्हणत नाही. हेरोदापासून बाळ येशूला वाचवण्यासाठी संत जोसेफ रातोरात इजिप्तकडे निघाले होते. परंतु तेथे जिवावरचे संकट होते आणि देवदूताचा आदेश होता. आपल्या बाबतीत बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबायला सवड असते.

म्हणूनच इग्नेशियस यांचा एक नियम प्रत्येक आजाऱ्याने लक्षात ठेवावा. मन अंधारलेले आणि उदास असताना, पूर्वी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये. नडगीचे हाड भरून यायला साधारण चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. मन भरून यायलाही वेळ लागतो. ज्या महिन्यात माणसाला रात्री झोप नाही, दिवसा एकट्याने जिना उतरता येत नाही, त्या महिन्यात वडिलार्जित वाडीचा सौदा करू नये. जायचेच असेल तर चालायला लागल्यावरही जाता येते, आणि चालायला लागल्यावर तोच बेत तितकाच बरा वाटतो का, हे कळतेही.

“पण वय थांबत नाही, फादर,” असे तो तरुण म्हणाला होता. त्याची ही चिंता आम्ही हसण्यावारी नेली नाही. त्याच्याबरोबर बसून आम्ही आकडे पाहिले. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत एकट्या अर्जदाराला २० ते २९ या वयात ११० गुण मिळतात आणि तिसाव्या वर्षी १०५. पुढे दरवर्षी ते कमी होत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात. म्हणजे तीस वर्षे पूर्ण झाल्याने त्याचे पाच गुण जाणार होते. पाच गुण काहीच नव्हेत असे नाही. पण इंग्रजीच्या परीक्षेची नीट तयारी करून एक पायरी वर गेले तर त्याहून अधिक गुण मिळू शकतात, आणि ती तयारी अंथरुणावरून करता येते. त्याच्या मनात ही भीती पन्नास गुणांची झाली होती. भीतीला आकडा विचारला की ती बहुधा लहान होते.

प्रभू येशूनेही मनोरा बांधणाऱ्याचा दाखला देऊन सांगितले आहे की, काम सुरू करण्याआधी माणूस बसून खर्चाचा अंदाज घेतो. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी सल्लामसलत, मग निर्णय आणि शेवटी कृती. आपल्यापैकी बरेच जण तिसरी पायरी आधी चढतात. म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला, आणि विशेषतः आजारातून उठणाऱ्याला, आम्ही चार व्यावहारिक गोष्टी सांगू इच्छितो. आत्म्याचा विचार करणाऱ्याने व्यवहार सोडावा असे इग्नेशियस यांनी कधी शिकवले नाही.

पहिली गोष्ट, आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : मी किती तास उभा राहू शकेन, किती वजन उचलू शकेन, रॉड काढावा लागेल का आणि कधी? उत्तर लिहून घ्या. दुसरी गोष्ट, व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत दुखापत लपवू नका. अर्जात खोटी माहिती दिली तर पुढची दारे बंद होतात, आणि खोट्याच्या पायावर उभ्या राहिलेल्या संसारात झोप लागत नाही. तिसरी गोष्ट, नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटकडे सरकारी नोंदणी आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने अशी नोंदणी सक्तीची केली. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. चौथी गोष्ट, आईवडिलांना निर्णय सांगायला जाऊ नका, निर्णय करताना त्यांना बरोबर घेऊन बसा. आपल्या मागे त्यांना दवाखान्यात कोण नेईल, हा प्रश्न विमानतळावर विचारायचा नसतो.

आता इग्नेशियस यांच्या जेरुसलेमचे पुढे काय झाले ते ऐका, कारण गोष्टीचा खरा बोध तेथे आहे. १५२२ साली बरे होऊन ते घराबाहेर पडले. मॉन्तसेरातच्या मठात मरियामातेच्या वेदीपुढे रात्रभर जागरण करून त्यांनी तेथे आपली तलवार ठेवली. मग मानरेसा या गावी जवळजवळ वर्षभर प्रार्थनेत घालवले. १५२३ च्या सप्टेंबर महिन्यात ते खरोखरच जेरुसलेमला पोहोचले. जन्मभर तेथेच राहायचे असा त्यांचा निर्धार होता. परंतु तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही. तेथे राहू पाहणाऱ्या यात्रेकरूंना कैद झाल्याचा आणि त्यांच्या सुटकेसाठी खंडणी भरावी लागल्याचा अनुभव त्यांना होता. इग्नेशियस यांनी आग्रह धरला. पण वरिष्ठांना परमगुरूंनी दिलेला अधिकार आहे हे कळताच त्यांनी आज्ञा पाळली. अवघ्या तीन आठवड्यांत त्यांना परतीची वाट धरावी लागली.

विचार करा. हा बेत देवाकडूनच आला होता, याबद्दल त्यांना खात्री होती. तो शांती देणारा होता. त्यासाठी त्यांनी मान, पैसा, घर सगळे सोडले होते. आणि तरीही दार बंद झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा व्हिसा नाकारला गेला. मग ती हाक खोटी होती का? नाही. त्या हाकेने त्यांना अंथरुणावरून उठवले, घराबाहेर काढले, चालते केले. देव कधी कधी आपल्याला एका गावाचे नाव सांगून रस्त्याला लावतो आणि रस्त्यात आपले खरे गाव दाखवतो. स्पेनला परतल्यावर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोना येथे लहान मुलांच्या बाकावर बसून इग्नेशियस लॅटिनची धुळाक्षरे गिरवू लागले. ‘आता वय निघून गेले’ असे ज्यांना वाटते त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

पुढे ते पॅरिसला शिकायला गेले आणि तेथे त्यांना फ्रान्सिस झेवियर भेटले. १५३४ साली १५ ऑगस्टला या मित्रांनी पुन्हा जेरुसलेमला जाण्याचीच शपथ घेतली. या वेळी मात्र इग्नेशियस शहाणे झाले होते. शपथेला त्यांनी एक जोड दिली : जाता आले नाही, तर परमगुरू जेथे पाठवतील तेथे जाऊ. युद्धामुळे त्यांना जहाज मिळाले नाही. मग १५४० साली भारतात पाठवण्यासाठी निवडलेला त्यांचा एक सोबती, बोबादिया, आजारी पडला आणि त्याच्या जागी ऐन वेळी झेवियर निघाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले आणि पुढे आपल्या वसईलाही येऊन गेले. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा लाखो भाविक तेथे गेले. एकाचा पाय मोडला, एकाला ताप आला, एक जहाज सुटले नाही, आणि त्यातून आपल्या किनाऱ्याला एक संत मिळाला. आपल्या अडचणींमधून देव काय घडवीत आहे हे आपल्याला त्याच वेळी दिसत नाही.

परदेशी जाण्यात पाप नाही. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही तरुणपणीच जपानला गेले. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती, ती पूर्ण झाली नाही. ते व्यापारात पडले, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ साली ५ फेब्रुवारीला नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर रक्त सांडले. १८६२ साली ते संतपदाला पोहोचले. ते दूर गेले म्हणून वसईने त्यांना परके मानले नाही. तसेच, जे इथेच राहतात, म्हाताऱ्या आईला धरून न्हाणीघरापर्यंत नेतात, त्यांचेही आयुष्य वाया गेलेले नसते. जाणे मोठे नाही, राहणेही मोठे नाही. देवाचे ऐकून जाणे आणि देवाचे ऐकून राहणे मोठे आहे.

आता धर्मग्रामासाठी दोन शब्द. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून येशूपुढे नेले, हे शुभवर्तमान आपण ऐकले आहे. आपल्या वाड्या-आळ्यांतील जखमी तरुणांची खाट कोण उचलतो? पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरते, नारळपाणी आणि सफरचंदे येतात. तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. तिसऱ्या महिन्यातच माणसाचे मन देश सोडून जाते. युवक मंडळाने आणि व्हिन्सेंट दे पॉल संस्थेच्या सभासदांनी आपल्या भागातील अशा घरांची यादी करून दर आठवड्याला एक तास तरी जाऊन बसावे, अशी आमची विनंती आहे. सल्ला द्यायला जाऊ नका. फिजिओथेरपीला न्यायला रिक्षा बोलवा, फॉर्म वाचायला मदत करा, कॅरमचा एक डाव खेळा. त्यानंतरही त्याला जावेसे वाटले, तर तो एकटेपणाला कंटाळून गेला असे तरी होणार नाही.

आणि जे अंथरुणावर आहेत त्यांना आमचे एकच सांगणे आहे. एक साधी वही घ्या. इग्नेशियस यांनीही त्या आजारपणात वही केली होती. प्रभूचे शब्द ते लाल शाईने आणि मरियामातेचे शब्द निळ्या शाईने लिहीत. तुम्ही पानाचे दोन भाग करा. रोज रात्री झोपण्यापूर्वी एका बाजूला लिहा, आज जाण्याचा विचार केला तेव्हा नंतर मनात काय उरले. दुसऱ्या बाजूला लिहा, आज राहण्याचा विचार केला तेव्हा काय उरले. कारणे लिहू नका, फक्त काय उरले ते लिहा : शांती, धास्ती, राग, हुरूप. मग एक ‘आमच्या बापा’ म्हणून दिवा मालवा. चाळीस रात्री असे करा आणि वही घेऊन आपल्या आईवडिलांपाशी या, मग वाटल्यास आमच्याकडे या. चर्चच्या ऑफिसचे दार संध्याकाळच्या मिस्सानंतर उघडे असते.

रात्रभर देवदूताशी झुंजलेला याकोब पहाटे लंगडत निघाला, पण आशीर्वाद घेऊन निघाला. आपल्या धर्मग्रामातील जे कोणी आज लंगडत आहेत, ते इथल्या वाटेवर चालोत किंवा समुद्रापलीकडच्या, त्यांना तोच आशीर्वाद लाभो. संत इग्नेशियसच्या सणाच्या दिवशी सकाळच्या मिस्साबलिदानात आम्ही सर्व आजाऱ्यांची आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या सर्वांची नावे वेदीवर ठेवणार आहोत. नावे शनिवारपर्यंत मागच्या पेटीत टाकावीत. दोन वेगळ्या चिठ्ठ्या करण्याची गरज नाही. एकच नाव दोन्हींसाठी चालेल.

आपले ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू